मालकांची गोळी, माझी गोळी

"चल बाय, जा आपल्या कामाला."

आमचे घरमालक रोज सकाळी असं म्हणायचे, तेही एका गोळीला. मसुरीच्या डाळीएवढी ती गोळी तळहातावर ठेवायची, मान मागे घेऊन चष्म्याच्या खालच्या काचेतून तिच्याकडे बघायचं, तिला कामाला धाडायचं आणि वरून तांब्याभर पाणी प्यायचं. तांदळाची भाकरी आणि सुकट पोटात गेल्याशिवाय मात्र ते तिला हात लावत नसत. "भुक्या पोटी गेली का आतून पोखरते ती," असं ते सांगायचे. ती जणू घुशीच्या जातीचीच असावी.

पनवेलच्या आसपासचे जमीनवाले मालक तुम्ही पाहिले असतील. बोटांत अंगठ्या, पांढरे कपडे, दारात मोठी गाडी. आमचे मालक त्यातले नव्हते. सुकापूरला त्यांची तीन मजली इमारत होती, आणि जिथे ती उभी होती तिथे त्यांनी स्वतः भात लावलेला होता. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, फाटकाजवळचा लाकडी बाक ही त्यांची बसायची जागा. नवा भाडेकरू हमखास त्यांना वॉचमन समजायचा आणि सामान उचलायला सांगायचा. तेही उचलू लागायचे. मग घरातून काकी ओरडायच्या, "दोन स्प्रिंगा हायत तुमच्या छातीत, ठेवा ती पेटी."

स्प्रिंगा म्हणजे स्टेंट. ते बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची ती छोटी गोळी त्यांना जन्मभरासाठी लागली होती.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नवरा न्हावाशेव्याला एका कंपनीत, मी नवीन पनवेलच्या शाळेत गणित शिकवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर डॉक्टरबाईंनी खूप तपासण्या केल्या. विशेष असं काही निघालं नाही. मला वाटायचं, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान कुणावर तरी राग काढता आला असता.

पुन्हा प्रयत्न करायचं ठरलं तेव्हा बाईंनी मला रोज घ्यायला रक्त पातळ ठेवणारी एक छोटी गोळी लिहून दिली. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. "हिच्यामुळे होईलच असं मी म्हणणार नाही. काही जणींना उपयोग होतो, काहींना काही फरक पडत नाही. तुमच्या बाबतीत द्यायला हरकत नाही, म्हणून देतेय. पोटात जळजळ झाली, कुठून रक्त आलं तर लगेच मला कळवायचं. आणि आपल्या मनानं वाढवायची नाही की सोडायची नाही."

एके दिवशी शाळेला उशीर होत होता म्हणून नाश्ता कसाबसा गिळून मी गोळी जिना उतरता उतरता घेतली. पाकीट हातातून निसटलं ते थेट बाकाखाली. मालकांनी वाकून उचललं, चष्म्याखालून बघितलं.

"आगं, ही तर माजी गोली."

"नाही काका, माझी आहे."

त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम उतरला. "एवढ्या वयात? तुजी पन लाईन चोक हाय?"

तुम्ही म्हणाल, तिथेच खरं सांगून टाकायचं. पण घरमालकाला, तेही सकाळी आठ वाजता फाटकात, काय आणि कसं सांगणार? शिवाय इमारतीतल्या बायका मला जिन्यात अडवून "गोड बातमी कधी?" म्हणून विचारायच्याच. त्यापेक्षा हृदयविकार बरा वाटला. मी म्हटलं, "हो, डॉक्टरांनी दिलीय." आणि रिक्षा पकडली.

संध्याकाळी परत आले तोवर मी इमारतीची अधिकृत हार्ट पेशंट झाले होते. पाण्याचा पंप चालू करायची आमची पाळी रद्द. सिलिंडर वर आणायला तळमजल्यावरच्या भाडेकरूला तंबी. गेलं वर्षभर जिन्यात अडवणाऱ्या बायका आता मला वाट करून देत. "गोड बातमी" हा शब्द कुणाच्या तोंडून येईना. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

फक्त एक वाईट झालं. दारावर येणाऱ्या कोळणीला मालकांनी बजावलं, "हिला कोलंबी द्यायची नाय. बोंबील दे." मी साताऱ्याकडची. पनवेलला येऊन कोलंबीची चटक लागलेली, आणि तीच बंद.

दुसऱ्या सकाळी ते बाकावर दोन तांबे घेऊन बसले होते. "बस. पलता पलता गोली घेतात काय? आपन लाईनवाल्यांनी निवांत घ्यायची." मग आम्ही दोघांनी आपापली गोळी तळहातावर ठेवली. "चल बाय, जा आपल्या कामाला," ते म्हणाले. मला हसू आलं, पण मीही म्हटलं. पुढे तो नेमच झाला. गोळीनंतर इमारतीभोवती तीन फेऱ्या. चालताना ते मला सल्ले द्यायचे. रागवायचं नाही, वर बघून चालायचं नाही, आणि नवरा काही बोलला तर "बरं" म्हणून सोडून द्यायचं. "बरं म्हनला का भांडान संपतो," हे त्यांचं आयुष्याचं सार होतं.

एक खरं सांगते. माहेरी आणि सासरी सगळ्यांना माझी काळजी होती, पण ती काळजी एका बाळाच्या वाटेनं माझ्यापर्यंत यायची. या माणसाला बाळाचं काही माहीतच नव्हतं. मी जगावं, एवढंच त्याला वाटत होतं. त्या तीन फेऱ्या मला औषधापेक्षा जास्त लागू पडत होत्या.

असे सहा महिने गेले. सहाव्या महिन्यात माझी पाळी नऊ दिवस लांबली. नऊ दिवस मी जिन्यावरून पायऱ्या मोजत उतरले. नवऱ्याला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही, पण मनात नाव ठेवून झालं होतं. दहाव्या दिवशी शाळेत, आठवीच्या वर्गावर, पोटात कळ आली आणि सगळं समजलं.

घरी येऊन मी गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये फेकलं. सकाळी मालकांनी तांबा पुढे केला तेव्हा मी म्हणाले, "मी आता घेत नाही, काका."

"का? डाक्टरनी सोडाय सांगितली?"

"नाही. कंटाळा आला. काही उपयोग नाही तिचा."

त्यांनी तांबा बाकावर ठेवला. त्यानंतर मी मागच्या जिन्यानं जायला लागले.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळीच काकी धापा टाकत वर आल्या. त्या कधी वर येत नसत, त्यांचे गुडघे दुखायचे. "ह्यो मानूस चार दिस गोली घेत नाय," त्या म्हणाल्या. "म्हनतो, तिनं सोडली तर मी कशाला घेऊ. तू काय सांगितलास ग त्याला?"

छातीत दोन स्टेंट असलेल्या माणसानं ती गोळी सोडायची म्हणजे काय, हे सहा महिने त्यांच्याच तोंडून ऐकत होते मी. तशीच खाली धावले. ते बाकावर बसले होते, काही झालंच नाही असे.

"काका, तुम्ही गोळी घ्या. आत्ता."

"तू घे, मग मी घेतो."

"माझं वेगळं आहे. तुम्हाला काही झालं तर?"

"आनि तुला झाला तर? मी अडुसष्ट वर्सांचा. मी गोली घेऊन हितं बसू नि तुला वरून खाली आनताना बघू काय?" त्यांनी आवाज मात्र चढवला नाही. रागवायचं नाही हा नियम त्यांनीच मला शिकवला होता.

मग मी बाकावर बसले आणि सांगून टाकलं. मला हृदयाचं काही नाही. दोन मुलं पोटातच गेली. तिसरं राहावं म्हणून गोळी होती. ते राहिलं नाही, म्हणून सोडली.

त्यांनी चष्म्याच्या खालच्या काचेतून माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे तुजी लाईन चांगली हाय?"

"हो."

"मग मी कोलंबी बंद केली ती?"

"ती उगाच केलीत."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. त्यांना मात्र हसू आलं नाही. थोड्या वेळानं ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमचे पन दोन गेले, बाय. पोरगा व्हायच्या आदी. पयला गेला तवा मी मिठागरावर कामाला व्हतो. सांजच्याला घरी आलो, तिनं सांगितला, आसा आसा झाला. मी म्हनलो, बरं. आनि जेवाय बसलो. दुसऱ्याला पन बरंच म्हनलो."

मी आत जाऊन त्यांची गोळी आणली, माझी वरून आणली. त्या सकाळी दोघांनीही ती काही न बोलता घेतली. नंतर माझा नवरा त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे त्यांनी एवढी बोलणी खाल्ली की घरी येईपर्यंत गाडीत तोंडातून शब्द काढला नाही. नशिबानं निभावलं. सोमवारी मीही डॉक्टरबाईंकडे जाऊन आपला गुन्हा कबूल केला. त्या रागावल्या नाहीत. "एकदा तरी सगळ्याच सोडतात," म्हणाल्या. "आता पुन्हा सुरू करा, आणि पुढच्या वेळी सोडावीशी वाटली तर आधी मला फोन करा."

त्यानंतर तीन महिन्यांनी मला दिवस राहिले. तिसरा महिना सरला, चौथा सरला. डॉक्टरबाईंनी ठरवलेल्या वेळी माझी गोळी बंद झाली. हे मालकांना सांगितलं तेव्हा ते जरा खट्टू झाले. "म्हंजे आता मी एकटाच," म्हणाले. पण त्याच दिवशी कोळणीला फाटकात थांबवून त्यांनी स्वतः माझ्यासाठी कोलंबी निवडून घेतली, साफ करून द्या म्हणून काकींच्या मागे लागले, आणि इमारतीत जो भेटेल त्याला सांगितलं, "तिचा कालीज बरा झाला." खरं कारण त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. ते पोटानंच यथावकाश सगळ्यांना कळवलं.

मुलगी झाली. गोळीमुळे झाली की तशीही झालीच असती, हे डॉक्टरबाईही छातीठोकपणे सांगू शकल्या नाहीत. मालकांना मात्र शंकाच नव्हती. "चालायचा गुन हाय तो," ते म्हणायचे.

मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही नवीन पनवेलला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. मालक एकदा येऊन गेले. लिफ्टमध्ये बसायला तयार झाले नाहीत, चार मजले चढून आले आणि खुर्चीत टेकल्यावर म्हणाले, "काकीला सांगू नको."

मागच्या वर्षी ते न्यूमोनियानं गेले. बातमी कळली तेव्हा आम्ही साताऱ्याला होतो, त्यामुळे मला त्यांच्या बाराव्यालाच पोचता आलं. गर्दी ओसरल्यावर काकींनी मला आतल्या खोलीत नेलं. माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या हातात लाडू दिला.

"त्या रविवारी तू त्याला काय सांगितलास, ते मना ठावक हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टरकडून आला नि माज्याजवल येऊन बसला. मना विचारलान, तवा तुला लय दुखला व्हता का? चालीस वर्सांनी विचारतो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी वाल सोलत व्हते. म्हनले, दुखला. मग त्याला म्हनले, दोन नाय, तीन गेले. एक गेला तवा मी तुमाला सांगितलाच नाय. सांगून काय, तुमी बरंच म्हनले असता."

माझी मुलगी लाडू खात आम्हा दोघींकडे बघत होती.

"मग काका काय म्हणाले?"

"काय नाय म्हनला." काकींनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "माज्यासमोर बसला नि वाल सोलाय लागला. जन्मात कदी केला नव्हता. सगल्या वालांचा भुगा केलान. पन सगला सोलून होईपर्यंत उठला नाय."