वखर कोणी धरला

बुधवार, १६ मार्च १९५५. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पुलगावच्या मिलचा सहाचा भोंगा होऊन गेला होता आणि नाचणगावच्या शिवारात भागीरथा वांगी तोडत होती. रोज ती दोन ओळी तोडून टोपलं भरायची. आज एकच ओळ झाली होती, त्यातही काही कोवळी वांगी चुकून हाताला आली होती. काट्यांनी बोटं फाटली होती, ते तिला नंतर कळलं.

आज तिला वर्ध्याच्या कोर्टात साक्ष द्यायची होती, आणि सोबत एक माणूस न्यायचा होता. तसा माणूस जगात नव्हता.

भागीरथा मोठ्या आंजीची. तेराव्या वर्षी लग्न होऊन नाचणगावला आली. नवरा चंद्रभान आणि त्याचा थोरला भाऊ रूपराव यांनी बाप गेल्यावर वावराची तोंडी वाटणी केली. मधे धुरा, म्हणजे बांध, घातला. विहीर सामाईक ठेवली. कागदावर मात्र दोघांचं नाव एकत्रच राहिलं. १९५१ च्या दिवाळीनंतर चंद्रभान धनुर्वातानं गेला. तेराव्याचं जेवण झालं आणि रूपरावनं चार माणसांत सांगितलं की वाटणी कधी झालीच नव्हती, वावर एकत्र आहे, विधवेला दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी मिळतील.

भागीरथेनं जेवण नाकारलं आणि वावर कसायला घेतलं. रूपरावनं गावातल्या प्रत्येक गड्याला बजावलं, तिच्या वावरात वखर घेऊन जायचं नाही. कोणी गेलं नाही. वावर पडीक राहिलं तर ते रूपरावच्या घशात जाणार, हे तिला समजत होतं. वाफे, रोपं, निंदण, खुरपण ती हातानं करू शकत होती. वखरणं मात्र गड्याचं काम. नांगर-वखराला बाईचा हात लागला तर पाऊस रुसतो, हे तिनं आईच्या तोंडून ऐकलं होतं, सासूच्या तोंडून ऐकलं होतं आणि ती ते मानत होती.

१९५२ च्या वैशाखात तिनं चंद्रभानचं धोतर नेसलं, डोक्याला त्याचा दुपट्टा बांधला आणि उजाडायच्या आत वखर धरला. एक बैल तिचा होता, दुसरा शेजारच्या गोमाजीचा. दोघांची सावड होती. काम असलं की आदल्या संध्याकाळी एकाचा बैल दुसऱ्याच्या दावणीला यायचा. गोमाजीला तिनं सांगितलं, मिलमधला एक गडी येतो, त्याची पाळी लागायच्या आधी वखरून जातो. दुरून पाहणाऱ्यांना धोतर आणि दुपट्टा दिसला. सलग तीन उन्हाळे दिसला.

पहिल्या साली मृग कोरडा गेला. गोमाजीची मिरचीची रोपं वाफ्यातच करपली. ती रोपं भागीरथेनं पाहिली, आणि त्यानंतर तिनं गोमाजीच्या बायकोच्या, रामबाईच्या, डोळ्यांत नीट पाहिलं नाही.

मग रूपरावनं ताब्यासाठी दावा लावला. पुलगावातल्या वकिलांशी त्याची ऊठबस होती. बाजारात भाजी विकताना एका बाईनं भागीरथेला सांगितलं, वर्ध्याले एक बाई वकील हाय, काळा कोट घालून कोर्टात उभी राह्यते. भागीरथेला ती थट्टा वाटली. तरी ती गेली.

आनंदाबाईंना वर्ध्यात वकिली सुरू करून सहा वर्षं झाली होती. वकिलांच्या खोलीत त्यांना खुर्ची होती, पण त्या बसल्या की शेजारचे दोघे उठून जात. आनंदाबाईंनी बसणं सोडलं नव्हतं आणि त्या दोघांनी उठणं. पक्षकार आले की आधी विचारत, साहेब कुठे आहेत. भागीरथेनंही तेच विचारलं होतं.

मागच्या तारखेला रूपरावनं शपथेवर सांगितलं, तो वखरणारा गडी माझा. मी मजुरी देऊन पाठवत होतो, म्हणजे वहिवाट माझी. गावातल्या दोघांनी साक्ष दिली की धोतर-दुपट्ट्यातला गडी आम्ही पाहिला. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर आनंदाबाई म्हणाल्या, तो मिलचा गडी पुढच्या तारखेला घेऊन या. भागीरथा म्हणाली, आणतो.

आज ती तारीख होती.

टोपलं तिनं रामबाईच्या ओट्यावर ठेवलं. रामबाई शेण लावत होती.

"बाजारात तुह्या भाजीबरोबर हे वांगेही विकजो, बाई."

"ठेव. चेहरा काऊन असा? खाल्लं नाई काय?"

"खाल्लं."

"खोटं बोलायची सवय नाई तुले. दिसून राह्यलं."

भागीरथा पुलगाव स्टेशनच्या वाटेला लागली. रूपराव आणि गावचे ते दोघे त्याच गाडीत, पुढच्या डब्यात चढले. त्यांचं हसणं तिला दोनदा ऐकू आलं. ते तिच्यावरच हसत होते असं नाही, पण तिनं पदर पुढे ओढला.

कोर्टाच्या व्हरांड्यात आनंदाबाई कागद चाळत उभ्या होत्या. त्यांनी तिच्या मागं पाहिलं.

"गडी कुठे आहे?"

"आला नाई."

"दुपारपर्यंत येईल?"

"नाई."

"भागीरथाबाई, तो आला नाही तर कोर्ट असंच धरेल की तो रूपरावचा माणूस. मिलमध्ये कुठल्या खात्यात आहे तो? नाव तरी सांगा, मी समन्स काढते."

"नाव नाई त्याले."

"म्हणजे?"

भागीरथेनं आजूबाजूला पाहिलं. रूपराव निंबाखाली तंबाखू मळत होता. तिनं आवाज इतका खाली आणला की आनंदाबाईंना वाकावं लागलं.

"तो मीच होती, बाई. धोतर नेसून."

आनंदाबाईंनी हातातले कागद मिटले. मग त्यांनी विचारलं, "कोणाला माहीत आहे?"

"कोणालेच नाई. बैलांले माहीत हाय."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही कोर्टात सांगतलं असतं. गाव मले पाण्याच्या पाळीले उभं करणार नाई. पाऊस चुकला का माह्या नावानं चुकला म्हणतीन. बाई, मलेही तसंच वाटते. त्या साली मृग आला नाई, तो माह्यामुळंच."

आनंदाबाईंनी पावसाबद्दल वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "हे मी तुमच्या वतीनं सांगू शकत नाही. शपथ तुमची आहे. मी एकदाच विचारीन, वखर कोणी धरला. तुम्ही गप्प राहिलात तर पुन्हा विचारणार नाही, पण दावा बहुतेक जाईल."

"मले गावातच राह्यचं हाय."

"वावर गेलं तर कशावर राहाल?"

भागीरथेला उत्तर माहीत होतं. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी आणि रूपरावच्या घरची भांडी. ती खाली बसली.

"बाई, एवढ्या माणसांत बोलायचं तुमाले भेव नाई वाटत काय?"

"वाटतं. म्हणून कागद टेबलावर ठेवून वाचते. हातात धरले तर हलतात."

पुकारा झाला. आत न्यायाधीश, कारकून, रूपरावचे वकील लक्ष्मणराव आणि बाकावर रूपराव. दाराशी गावचे दोघे. भागीरथेची अडचण आणखी एक होती. रूपराव नात्यानं भासरे, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ती त्याच्यासमोर कधी बोलली नव्हती. घरात काही सांगायचं तर ती भिंतीला सांगे, 'जेवण झालं म्हणावं', आणि तो तिकडे तोंड करून भिंतीलाच उत्तर देई. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिनं सवयीनं भिंत शोधली. भिंत न्यायाधीशांच्या पाठीमागे होती.

शपथ झाली. नाव, गाव, नवऱ्याचं नाव. नवऱ्याचं नाव तिला घेता आलं नाही, ते आनंदाबाईंनी घेतलं. वाटणी, धुरा, विहिरीची पाळी. या उत्तरांपर्यंत तिचा आवाज कसाबसा पुरला.

"चंद्रभान वारल्यानंतर तीन वर्षं तुमच्या वावरात वखर कोणी धरला?"

कारकुनानं टाक उचलून धरला होता. बाहेर कुणीतरी खाकरलं. भागीरथेच्या कानात फक्त वखराच्या पात्याखाली ढेकूळ फुटल्यासारखा आवाज येत होता. आनंदाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं.

"म्या धरला," भागीरथा भिंतीला म्हणाली.

"मोठ्यानं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"म्या धरला. माह्या मालकाचं धोतर नेसून धरला."

दाराशी कुजबुज झाली, मग एकदम थांबली. लक्ष्मणराव उठले. ते कसलेले वकील होते आणि घाईत नव्हते.

"बाई, तुमच्या गावात बायका वखर धरतात?"

"नाई."

"धरला तर काय होतं म्हणतात?"

"पाऊस रुसते."

"हे तुम्ही मानता?"

"मानतो."

"मानता, तरी धरला? साहेब, ही बाई वावर मिळावं म्हणून आज ही कथा सांगते आहे. बरं, तुम्ही पहिल्यांदा धरला म्हणता त्या साली मृगात पाऊस झाला?"

भागीरथेनं पिंजऱ्याचं लाकूड धरलं. तीन वर्षं हा प्रश्न तिला स्वतःशिवाय कोणी विचारला नव्हता.

"नाई झाला," ती म्हणाली. "गोमाजीचं रोप जळलं. साऱ्यांचंच जळलं."

ती हे ज्या तऱ्हेनं म्हणाली, त्यानं रूपराव बाकावरून उठला. तो गडी कोण, हे त्यालाही तीन वर्षं सापडलं नव्हतं. मिलच्या फाटकाशी त्यानं दोनदा चौकशी केली होती. आता त्याच्या डोळ्यासमोर ते धोतर आणि ती चाल एकत्र आली असावी. एकोणीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच थेट बोलला.

"तू होती ते? साहेब, हिनंच गावाचा मृग घालवला. माही जवारी हिच्यामुळं गेली. मी म्हणतच होतो, तो गडी सापडत काऊन नाई."

लक्ष्मणरावांनी त्याची बाही धरली, पण उशीर झाला होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "रूपराव, मागच्या तारखेला तुम्ही शपथेवर सांगितलंत की तो गडी तुमचा होता. तुम्ही मजुरी देत होता."

रूपरावनं वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग सापडत नव्हता तो कोण?"

न्यायाधीशांनी रूपरावचे शब्द त्याच्याच बोलीत, मृगासकट उतरवून घ्यायला सांगितले. आनंदाबाई जागेवरून उठल्या नाहीत. निकालाची तारीख तेवीस एप्रिल पडली.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता दावा टिकायचा नाही त्यांचा."

भागीरथेनं मान हलवली. तिचं लक्ष गावच्या त्या दोघांकडे होतं. ते लगबगीनं स्टेशनकडे निघाले होते.

परतीच्या गाडीत ती बायकांच्या डब्यात दाराजवळ बसली. पुलगावला उतरून मुद्दाम रेंगाळली, म्हणजे रूपराव आणि ते दोघे पुढे जातील. पण पुढे गेले म्हणजे बातमीही पुढे गेली. नाचणगावात शिरताना ओट्यावर बसलेल्या दोन बायका बोलत होत्या. ती दिसताच गप्प झाल्या. विहिरीजवळची पोरं तिला पाहून बाजूला झाली.

घरी आली तेव्हा दावणीला दोन बैल होते. गोमाजीनं आपला बैल दुपारीच आणून बांधला असणार, बातमी यायच्या आधी. उद्या विहिरीच्या पाण्याची पाळी तिची; मोटेला जोडी लागते. आता गोमाजी आपला बैल सोडून न्यायला येईल, हे ती धरून चालली. बैल नेला की पाळी गेली, आणि मार्चच्या उन्हात वांगी आठवडाभर टिकणार नाहीत. तिनं चूल पेटवली नाही. उंबऱ्यावर बसून ती वाटेकडे कान लावून राहिली.

पावलं वाजली. रामबाई होती. हातात टोपली.

"बैल न्यायले आली?" भागीरथेनं विचारलं.

"पेंड द्यायले आली. आमचा बैल पेंडीबिगर सकाळी उठत नाई. तुले माहीत नाई काय?" रामबाईनं टोपली बैलापुढे उलटी केली आणि तिथंच उकिडवी बसली. "तिन्ही साल तूच?"

"हो."

"मी धन्याले म्हणलं होतं, हा मिलवाला चालते कसा बाईवानी. ते म्हणे, तू आपलं काम कर."

"तुले समजलं होतं? मग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तर बैल द्यायले तोंड राह्यलं नसतं." रामबाईनं बैलाच्या पाठीवरची गोचीड काढली. "एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. यंदा पाऊस चुकला तर गाव तुलेच धरीन."

"अन् तू?"

"मी बी धरीन. माही मिरची होती ती."

रामबाई उठली, टोपली झटकली.

"धनी म्हणते, मोट तेच हाकतीन. तुह्या हाती कासरा द्यायचा नाई म्हणते, आता तर मुळीच नाई. तू दांडावर पाणी वळवजो." मग दारातून, "वांगे सारे गेले. कोवळे काऊन तोडले?"

उद्या गुरुवार. विहिरीची पाळी भागीरथेची आहे, मिलच्या सहाच्या भोंग्यापासून दुपारच्या भोंग्यापर्यंत.