रंगनाथकाकांचा उर्दू कॅमेरा

कॅमेऱ्याचा मेनू मोठ्याने वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कळमनुरीतले आमचे शेजारी रंगनाथकाका. आधी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायचा, मग घसा खाकरायचा आणि पडद्यावरची एकेक ओळ कोर्टाचा हुकूम वाचावा तशी खणखणीत वाचायची. शेजारी काकू भाजी निवडत बसलेल्या असत. त्यांनी मान हलवल्याशिवाय काका पुढची ओळ घेत नसत.

काका निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले आणि तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. जमिनीचे जुने उर्दू कागद घेऊन लांबलांबची माणसं त्यांच्या ओसरीवर यायची. चहा व्हायचा, काका वाचायचे, माणसं हात जोडायची. पुढे असे कागद येणं कमी होत होत थांबलंच. काकांचं ओसरीवर येऊन बसणं मात्र थांबलं नाही.

अशात त्यांच्या मुलाने मस्कतहून डिजिटल कॅमेरा आणून दिला. मुलगा परत गेला आणि कुणाच्या तरी हातून मेनू अरबी झाला. मी तेव्हा शाळेत नुकताच नोकरीला लागलो होतो. म्हटलं, "काका, हे उर्दू नाही, अरबी आहे."

"अक्षर तर तेच हाय ना? हे बघा, तारीख. हे वक्त. आमच्या हपीसातलेच शब्द हायेत. काहून घाबरून राहिले, मास्तर?"

आणि खरंच, तारीख-वेळ त्यांनी बिनचूक लावली. दोन शब्द लागले म्हणजे भाषा आली, अशा थाटात ते उरलेल्या मेनूत शिरले. भर दुपारी फ्लॅश उडू लागला, अंधारात उडेना. एकदा सगळी गल्ली निळी आली. काही बोलावं तर उत्तर ठरलेलं: "बराबर करून राहिलो मी. मधात बोलू नका."

माझ्या साखरपुड्याचे फोटो काकांनीच काढले. पाहुणे गेल्यावर फोटो आणखी साफ दिसावेत म्हणून त्यांनी मेनू उघडला. एका ओळीवर बोट थांबलं. "तहय्या. म्हंजे पक्का निश्चय." दाबलं. खाली दोन शब्द आले. "हे 'ला', लाजवाबमधला. म्हंजे न्हाई. अन् हे दुसरं नेमत. म्हंजे देवाची कृपा. शुभकार्यात न्हाई काहून म्हणायचं?"

त्यांनी कृपा दाबली. कार्ड धुतल्यासारखं स्वच्छ झालं. माझी होणारी बायको, सासरे, पेढे, सगळं गेलं. अरबीत तो निश्चय म्हणजे फॉरमॅट आणि ती कृपा म्हणजे नुसतं 'हो', हे मला नंतर कळलं.

"तोंड काहून पाडून राहिले?" काका म्हणाले. "लग्न हाय ना अजून? निश्चय तर पक्का झाला!"

मी भडकलो. तिथंच काकूंच्या शेजारी बसून भाषांची यादी शोधली आणि मेनू इंग्रजी करून टाकला. काकांनी पडद्याकडे पाहिलं. "हं. आता तुमीच वाचा," म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मला फार वाईट वाटलं, पण साखरपुड्याचंही वाटतच होतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरून आवाज आला, "वक्त!" मेनू पुन्हा अरबी. मी इंग्रजी करावा, तो परत अरबी व्हावा. काकांना विचारलं तर म्हणाले, "मला कुठं येते ते? यंत्रालाच उर्दूची सवय लागली." ते बदलणं त्यांना येत नव्हतं, हे खरंच होतं. कॅमेराच बिघडलाय असं समजून मी नाद सोडला आणि लग्नाला फोटोवाला वेगळा सांगितला.

काही वर्षांनी काका गेले. तेरवी झाल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून काकूंनी मला बोलावलं. कॅमेऱ्यात डोळे मिटलेल्या काकू ढीगभर होत्या. काका एकदाच सापडले, कॅमेरा उलटा धरून आत डोकावताना. तो फोटो नीट करावा म्हणून मेनू उघडला, तर अरबी.

"थांबा काकू, इंग्रजी करतो."

"द्या इकडं."

काकूंचं बोट भराभर चाललं. खाली, खाली, आडवं, आणि मेनू इंग्रजी.

"तुमी पहिल्यांदा केलं, तवाच बघून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमची पाठ फिरली की मी परत फिरवायची. कागद यायचे थांबले तसं मानूस नुसतं भिंतीकडं बघत बसायचं. तुमच्या इंग्रजीतलं काय वाचलं असतं हो त्यांनी?"

बोलता बोलता त्यांनी मेनू पुन्हा अरबी केला. एका ओळीवर बोट ठेवलं, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तारीख!"

मग माझ्याकडे बघत थांबल्या. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी पुढची ओळ घेतली.