कुंड्या कुठे मांडायच्या?

प्रदर्शनातून परतताना माल कधी उरतो, कधी संपतो. किस्से मात्र दरवेळी पोतंभर घेऊन येतो आम्ही! आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद वैशाली. चारकोपच्या एका गाळ्यात नारळाचा काथ्या विणून आम्ही टांगायच्या कुंड्या करतो. त्यासाठी मी ऑफिस सोडलं, तिने शिवणक्लास बंद केला. त्यामुळे झाडाफुलांचं कुठलं प्रदर्शन निवडायचं, या प्रश्नावर आमचा गाळा चालू राहणार की बंद पडणार, ते ठरतं.

*

पहिलं घाटकोपरचं. नाव ‘गार्डन फेस्टिव्हल’. मी खूश होऊन फोनवरच बुकिंग केलं. पोचलो तर काय, फेस्टिव्हल गार्डनमध्ये होता, गार्डनचा नव्हता! एका बाजूला मेंदी, दुसऱ्या बाजूला लोणची.

दिवसभरात एकाच बाईंनी कुंडी हातात घेतली. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

“यात कांदे ठेवले तर चालतील ना?”

वैशाली म्हणाली, “चालतील. पाणी घातलंत तर उगवतीलही!”

*

मग मी आधी चौकशी करायला शिकले. बोरिवलीच्या संयोजकांना विचारलं, “गर्दी असते ना?”

“मॅडम, पाय ठेवायला जागा नसते!”

गेलो. सोसायटीचं पार्किंग. आठ गाड्या कोणी काढल्याच नव्हत्या. पाय ठेवायला खरंच जागा नव्हती!

*

मुलुंडला एक आजोबा आले. कुंडी दाबून पाहिली, हुंगली, दोरी ताणून पाहिली. वीस मिनिटं! दिवसातलं पहिलंच गिऱ्हाईक, त्यामुळे मी पिशवीसुद्धा उघडून धरली.

“उत्तम,” ते म्हणाले. “अशीच मी घरी करतो.”

*

अंधेरीच्या मोठ्या प्रदर्शनात असं कोणालाही घेत नाहीत. आधी नमुना दाखवावा लागतो. टेबलामागे तिघे बसलेले. मधल्या साहेबांनी कुंडी उलटीसुलटी केली आणि काही कळायच्या आत बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं! काथ्याच तो. सगळं पाणी खालच्या फायलींवर. वाट लागली!

साहेब फायली झटकू लागले. माझ्या डोळ्यांसमोर कुलूप लावलेला गाळा.

“साहेब,” वैशाली म्हणाली, “निचरा बघितलात ना?”

स्टॉल मिळाला. कोपऱ्यातला.

*

आणि नेमकं अंधेरीच्या प्रदर्शनाच्याच रविवारी गोवंडीला एका मैदानावर बायकांच्या बचत गटांनी झाडांचं प्रदर्शन ठेवलं. वैशाली म्हणाली, तिथेच जायचं.

“वेडी आहेस का? तिथे दहा बाय दहाच्या खोल्या. झाडं लावणार कुठे त्या बायका?”

“माका शिकवू नको, वहिनी!” रागावली की ती मालवणीवर येते. “तू गेलीयस कधी त्या खोल्यांत?”

“मग जा तू एकटी!”

माल निम्मा निम्मा केला. आठवडाभर गाळ्यात फक्त कात्रीचा आवाज.

अंधेरीत लोक माझ्या समोरून परदेशी रोपांकडे जात होते. तीन वाजेपर्यंत एक कुंडी हलली नाही. वैशालीचा फोन लागेना. तिचंही असंच झालं असेल तर? आणि तिला एकटीला पाठवलं मीच.

चारला तिचाच फोन आला. “वहिनी, तुझ्याकडे किती उरल्यात?”

खोटं बोलावंसं वाटलं. “सगळ्या.”

“घेऊन ये. सगळ्या!”

दोन रिक्षा भरून मी गोवंडीला पोचले. टेबल रिकामं, समोर बायकांची रांग. वैशालीने माझ्याकडे न बघता गठ्ठा ओढून घेतला आणि सोडायला लागली. पुढच्या बाईने एक कुंडी उचलली. मला राहवेना.

“ताई, ही टांगणार कुठे?”

“पाळण्याच्या हुकाला,” ती म्हणाली. “बाळ महिन्याभराचंच होतं. रिकामाच आहे आता.”

वैशालीने आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्या बाईच्या हातातली कुंडी परत घेतली, ढिगातली सगळ्यात घट्ट विणीची शोधून काढली आणि दोन्ही हातांनी तिला दिली.