पेजेतली गोळी

माझ्या सख्ख्या भावाचं नाक मी पितळी तांब्याने फोडलं आहे.

चुकून लागलं वगैरे काही नाही. नेम धरून मारला.

आज आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन एक वर्ष झालं. गावात त्या तांब्याच्या गोष्टीला एव्हाना बरेच पाय फुटलेत. म्हणून खरं काय ते मीच लिहिते.

मी पुण्यात कॅन्सरची गणितं मांडते. गाठीतल्या कुठल्या पेशी किती वाढतील, औषधाने किती मरतील, उरलेल्या पुढे काय करतील. नोकरीच आहे ती. बरीच वर्षं हे सगळं स्क्रीनवर होतं.

मग आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. हाडांपर्यंत गेलेला. बरा होणार नाही, लांबवता येईल, असं गोव्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

रोजच्या गोळीने पीएसए, म्हणजे रक्तातला त्या रोगाचा आकडा, धाडकन खाली आला. घरात पेढे वाटले. मला मात्र धडकी भरली.

कारण गोळीला बधतात त्या पेशी मरतात, पण न बधणाऱ्या थोड्या उरतातच. बाकीच्यांच्या गर्दीत त्या दबून असतात. गर्दी मेली की सगळं रान त्यांचं.

म्हणून एक वेगळी पद्धत आहे. आकडा निम्म्यावर आला की गोळी थांबवायची. बधणाऱ्या पेशींना थोडं वाढू द्यायचं, त्या दुसऱ्यांना दाबून ठेवतात. आकडा चढला की पुन्हा गोळी.
शत्रूला ठार मारायचं नाही, मानेवर पाय ठेवून बसायचं.

आबांना हे दोन मिनिटांत कळलं. गावी, मसुऱ्यात, आमची हापूसची बाग. एका हंगामात तुडतुड्यांवर चिडून त्यांनी दुप्पट जहाल औषध मारलं होतं. तुडतुडे खाणारे कोळी मेले, मधमाश्या मेल्या, आणि पुढच्या वर्षी तुडतुड्यांनी सगळा मोहर काळा करून टाकला.

"मेले नाय गो, माजले," एवढंच म्हणाले. मग स्वतःच डॉक्टरांशी बोलले.

डॉक्टर कुरकुरले. हे अजून अभ्यासातच आहे म्हणाले. पण दर महिन्याला रक्त तपासायच्या अटीवर तयार झाले.

आणि घरात आग लागली.

'गोळी बंद केली' याचा आमच्याकडे एकच अर्थ. डॉक्टरांनी हात टेकले.
दुसऱ्या दिवशी अर्धी वाडी आमच्या अंगणात. शहाळी काय, हुंदके काय. आबा कोयता घेऊनच बाहेर आले. "माका पोचवूक इलास काय सगळे?" एक काकी चप्पल टाकून पळाली.

दादा पळणारा नव्हता. आबांचं सगळं तोच बघायचा. त्याने मला पडवीत गाठलं.

"माझ्या बापसाच्या आंगात वैरी बसलो आसा. आणि तू तेका पोसतंस?"

मी त्याला नीट समजावलं का? नाही. तुला कळत नाही तर गप्प बस, असं म्हटलं आणि पुण्याला निघून आले.

पुढचे तीन रिपोर्ट एकदम सुंदर. आकडा चढायला हवा होता, तो चढेचना.
मी खूश. आबांना फोनवर म्हटलं, तुमच्या पेशी फार सभ्य आहेत. आणि माझ्या मॉडेलमधला वाढीचा वेग कमी कमी करत गेले, रेषा रिपोर्टवर फिट बसेपर्यंत.

शंका घेतली ती गणितावर. स्वयंपाकघरावर घ्यायचं डोक्यातही आलं नाही.

मग आकडा उसळला. धावत गावी आले, गोळी पुन्हा सुरू करायला बाजूला ठेवलेली बाटली काढली. रिकामी. तिच्यामागे आणखी दोन, त्याही रिकाम्या.

दादाने नजर चुकवली नाही. रोज सकाळी कुटून आबांच्या पेजेत घालतोय, म्हणाला. म्हणजे बधणाऱ्या पेशी कधीच मेल्या होत्या, आता उसळल्या त्या न बधणाऱ्या.

तांब्या हातात कसा आला ते आठवत नाही. नेम आठवतो.

रक्त त्याच्या बनियनवर. त्याने माझे केस धरले, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. चाळिशीतली दोन माणसं जमिनीवर लोळून मारामारी करत होती. वहिनी किंचाळत होती.

आबा भिंत धरत आले आणि आमच्या मध्ये बसले. त्यांना उभं राहवत नव्हतं.

"तेका मारू नको. माका म्हायत होता. पेज कडू लागा होती."

त्याने माझे केस सोडले, मी त्याचं मनगट.

दादाने आबांना मारलं असं मी म्हणत नाही. रोज गोळी देणं हीच रूढ ट्रीटमेंट आहे. माझ्या पद्धतीने ते जास्त जगले असते की नाही, हे मला कधीच कळणार नाही. या न कळण्याचा मला भयंकर राग येतो.
(आणि हे वाचून कुणी डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवली तर याद राखा. मी मारते, हे कळलंच असेल.)

त्यानंतरचे चार महिने लिहिणार नाही. हाडांचं दुखणं ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको.

एका दुपारी ते जरा शांत होते. मी चिडूनच विचारलं. माहीत होतं तर खाल्लीत कशाला? माझ्या गणितावर एवढाही विश्वास नव्हता?

मग म्हणाले,

"गणितार विश्वास होतो गो बाय. पण तो रडत पेज घेवन येय होतो. तू फोनार होतंस, तो समोर होतो."

आबा, राग अजून गेलेला नाही. तुमच्यावरचाही आणि माझ्यावरचाही.

तरी आज नमस्कार करते. घ्या.