न आलेल्या रिपोर्टचा रोग

“नातं लागतं का तुमचं तिच्याशी?” डॉक्टरांनी विचारलं आणि खोलीतले सगळे हसले. हातातली फाइल त्यांनी माझ्या टेबलावर आपटली. पेन खाली पडलं. मी ते वाकून उचललं, तरी हसणं चालूच.

म्हैसूरच्या एका खासगी इस्पितळात मी कोडिंग करते. डॉक्टर निदान लिहितात, मी त्याला ठरलेला कोड लावते. बिलावर तोच जातो. नुसत्या संशयाला रोगाचा कोड लावायचा नाही; रिपोर्ट येईपर्यंत फक्त लक्षण. या कामातला हा पहिला धडा.

फाइल केंपम्माची होती. एच. डी. कोटेकडच्या खेड्यातली बाई, गोकुलममधल्या एका बंगल्यात स्वयंपाकाला. अंगावर पुरळ. डॉक्टरांनी लिहिलं होतं, सिफिलिसचा संशय. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. मी पुरळाचा कोड लावला. बिल मालक भरणार, म्हणजे रोगाचं नावही आधी तेच वाचणार.

त्याच बंगल्यातल्या धाकट्या साहेबांचा रिपोर्ट आला होता. सिफिलिस, पक्का. त्यांच्यासाठी डॉक्टर म्हणाले, “अ‍ॅलर्जी टाका. आपले घरचे लोक आहेत.” आमच्याकडे ‘घरचे’ म्हटलं की रोग सौम्य होतो. पद्धतच ती.

केंपम्माचा रोग मात्र आजच पक्का करायचा, असं डॉक्टरांचं म्हणणं. “तसल्या बायकांना रिपोर्ट कशाला?”

शेजारची सुमा कुजबुजली, “अक्का, सुम्मने, गप बस की. तुझं काय जातंय?”

मी उभी राहिले.

“नातं आहे, सर. माझी आई अग्रहारातल्या ब्राह्मणांची भांडी घासायची. दोन्ही कोड मी बदलणार नाही.”

आईचं काम इतक्या वर्षांत मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

“साकु, अम्मा, साकु, पुरे झालं,” म्हणत डॉक्टरांनी दोन्ही फाइली सुमाकडे सरकवल्या. तिने कोड बदलले. माझ्यासमोर.

केंपम्माला बंगल्यातून काढलं. राहायची खोलीही तिथेच होती, तीही गेली. मग रिपोर्ट आला: सिफिलिस नाही. हे सांगायला तिचा फोन लागत नाही.

मी लेखी तक्रार दिली. उत्तर नाही. येणारही नाही. सुमा आता माझ्यासोबत डबा खात नाही. थोड्या दिवसांनी मलाही काढतील.

काढू देत. मी राजीनामा देणार नाही. काढण्याचं कारण त्यांनी लिहून द्यावं. त्या खुर्चीवर आहे तोवर रिपोर्टशिवाय माझ्या हातून कुणावर रोग चढणार नाही. आणि ज्याचा रिपोर्ट आहे, त्याचा उतरणार नाही.