सुनंदाच्या बाजूची काच

सुहृदहो,

आज सकाळी सासूबाईंना रिठदहून वाशिमला आणत होतो. आमची गाडी बटण दाबून सुरू होते. चावी खिशात असूनही 'चावी आढळली नाही' असे तिने मला दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी ती सुरू झाली. सासूबाई पुढे, माझ्या दिवंगत पत्नीच्या, सुनंदाच्या, जागेवर बसल्या होत्या.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जवाईबुवा, हे काच काहून उतरत नाही? कवाची बटन दाबून राह्यली मी."

माझ्या दारावर इतरांच्या खिडक्यांना कुलूप लावणारे एक बटण आहे. ते दाबलेले होते. वाटेत ओळखीचे कोणी दिसले की सुनंदा काच खाली करून, "कुठं चालली वं? बस गाडीत," असे म्हणत असे आणि सगळी धूळ आत येत असे. तो त्रास टाळण्यासाठी ते मीच दाबून ठेवले होते.

अकोल्याच्या रुग्णालयात जाताना, त्या शेवटच्या प्रवासात, तिने तिच्या बाजूचे बटण दोनदा दाबले होते. मग हात मांडीवर ठेवला. तिचा विचार बदलला असावा, असे मी समजलो.

आज मी ते कुलूप काढले आणि काच उतरली. सासूबाई म्हणाल्या, "आता बरं वाटते. सुनंदाले बी काच उघडीच लागे."

ते कुलूप आता काढलेलेच राहील, परंतु त्याचा काहीही उपयोग नाही.

आपल्या शेजारी बसणाऱ्या व्यक्तीची खिडकी उघडते का, हे आपण शेवटचे केव्हा पाहिले होते?