सेट ठीक आहे, असं मी लिहिलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आणि आता सांगतोय म्हणून माझी कीव करायला घेऊ नका – ती नको आहे मला.

जंगलात फिरणाऱ्या सरकारी गाड्यांमध्ये वायरलेस सेट बसवणं, बिघडले तर दुरुस्त करणं, हे माझं काम. चंद्रपूरपासून पार एटापल्लीपर्यंत. आमच्या डोंगरांत मोबाईलला रेंज नसते, तिथं हा सेटच माणसाचा आवाज. माझा हात चांगला होता. सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

कुरखेड्याकडच्या एका जीपवर जनार्दनभाऊ ड्रायव्हर होते. पन्नाशीचे, शाळा चौथीपर्यंत. त्या जीपमध्ये सेट मीच बसवला होता. महिन्याभरात ते माझ्याकडे आले.

"आयकाले सगळं येते बाबू, पण बोलाले बटन दाबलं का सेट मरून जाते. अन् इंजन वाढवलं का आतमंदी घूंऽऽ करते."

माझ्या धंद्यातला कोणीही एवढ्यावरून ओळखेल – सेटला करंट पुरत नाही. ऐकायला थोडा लागतो, बोलायला खूप. मग मी वायर का तपासली नाही? कारण वायर माझी होती. चारचौघांत मी म्हणालो, "भाऊ, माईक धरायचं आधी शिका." लोक हसले. ते आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा मी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

मग एप्रिल आला. दुपारी डोंगराला वणवा लागला. खाली उतारावर पाचजण आग विझवत होते, त्यांच्याजवळ हातातला छोटा सेट. जनार्दनभाऊ वर टेकडीवर, जीपमध्ये. वारा फिरला, ते त्यांना वरून दिसलं. बटण दाबलं – सेट बंद. पुन्हा दाबलं. हॉर्न वाजवला, पण जाळाच्या आवाजात हॉर्न कोण ऐकतो? शेवटी गाडी तशीच सोडून ते खाली पळाले. आगीकडे पळाले – हे नीट ऐका. चौघं निसटले. पाचवा, मंगरू, अडकला, त्याला भाऊंनीच ओढून काढलं. पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. बोटं पुढं कधी मिटली नाहीत. मंगरू आणि भाऊ एकाच गावचे, लहानपणापासूनचे जोडीदार.

चौकशी लागली. सेट तपासायला पाठवलं – मलाच.

शेडमध्ये मी एकटा होतो. बटण दाबलं, सेट मेला. मीटर लावला. बॅटरीवर बारा-साडेबारा व्होल्ट, आणि बटण दाबल्यावर सेटपाशी जेमतेम नऊ. अर्थिंगचा बोल्ट खोलला. खाली गाडीचा हिरवा रंग जसाच्या तसा. वायर पत्र्याला जोडताना आधी रंग खरवडायचा असतो, नाहीतर करंट पुरता जात नाही – शिकाऊ माणसालाही कळतं. मी खरवडला नव्हता. जेवायची वेळ झाली होती, बस्स. एवढंच कारण.

चाकूनं रंग खरवडला. बोल्ट कसला. सेट खणखणीत बोलायला लागला. मग कागद घेतला आणि लिहिलं – सेट ठीक आहे, बिघाड आढळला नाही.

भीती होती का? नाही. खरं लिहिलं असतं तर एक खुलासा द्यावा लागला असता, माझी नोकरी गेली नसती. मला फक्त माझं नाव खराब व्हायला नको होतं. पूर्ण शुद्धीवर मी ते केलं. माझ्यासाठी सबबी शोधू नका, मी शोधल्या आहेत – नाहीत.

ठपका भाऊंवर आला. घाबरून निरोप दिला नाही, गाडी सोडली. त्यांना रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायला पाठवलं. त्याआधी एकदा त्यांनी ती जीप सुरू केली, इंजन वाढवलं, कान देऊन बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता घूं करत नाई." बस, तेवढंच. त्यांना कळलं होतं. पण माईक धरता न येणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार होतं?

मंगरूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "त्यानं येक निरोप देल्ला असता तं माहे हात राह्यले असते. ओढाले आला, पण उशिरा. काऊन आला?" त्याला पेला धरता येत नव्हता. मी बशी त्याच्या तोंडाला लावली, चहा पाजला.

जनार्दनभाऊ दोन वर्षांपूर्वी वारले. मंगरूचं घर त्यांच्या घरापासून चार घरं सोडून. तो दाराशी बसून होता, मयतीला उठला नाही. मी गेलो होतो. मी खांदा दिला.